ग्राहकाच्या कढईतला रस्सा: घरगुती मसाल्याच्या धंद्यासाठी ग्राहकांचे फोटो कसे मागावेत आणि कसे वापरावेत

मसाल्याचं पाकीट फोटोत कितीही सजवलं तरी आत लाल पूडच दिसते. मालवणी असो, आगरी असो की कोल्हापुरी कांदा-लसूण, मोबाईलच्या पडद्यावर सगळे सख्खे भाऊ. घेणाऱ्याला बघायचा असतो तो त्या पुडीचा झालेला रस्सा. तोही आपल्यासारख्याच कुणाच्या तरी घरात, काठाला तेल सुटलेला, शेजारी शेगडीवर थोडा सांडलेला. हे चित्र विकणाऱ्याला स्वतः उभं करता येत नाही. केलं तरी ते उभं केलेलं आहे हे बघणाऱ्याला लगेच कळतं. म्हणून मसाले, पिठं, लोणची, पापड अशा धंद्यांत ग्राहकाने काढलेला फोटो हा जाहिरातीचा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात खरा माल आहे. फक्त तो फुकट पडलेला नसतो. त्याला मालक असतो, आणि नवखे लोक नेमकं हेच विसरतात.

ग्राहकाने तयार केलेला मजकूर म्हणजे नुसता फोटो नव्हे. दहा सेकंदांचा व्हिडिओ, व्हॉट्सॲपवरचं ‘काकू, मसाला संपला, परत पाठवा’, गूगलवरचा रिव्ह्यू, गाडी चालवता चालवता पाठवलेला व्हॉइस मेसेज, किंवा ‘मी काळ्या वाटाण्याच्या सांबाराला अर्धा चमचा जास्त घातला’ अशी टीप, हे सगळं त्यात आलं. पैसे देऊन करून घेतलेला रील मात्र यात येत नाही, ती सरळ जाहिरात. आणि मेहुणीला सांगून लिहून घेतलेला पाच चांदण्यांचा रिव्ह्यू ही जाहिरातसुद्धा नाही, ती फसवणूक आहे.

आधी घरातलं शोधा

नवीन फोटो मागण्याआधी आलेले गोळा करा. बहुतेकांच्या फोनमध्ये वर्षभराचा माल पडून असतो. व्हॉट्सॲपच्या वरच्या शोधपट्टीत ‘मस्त’, ‘छान’, ‘भारी’, ‘संपला’, ‘परत’, ‘चव’ असे शब्द एकेक टाकून बघा. हेच शब्द रोमन लिपीतही टाका, कारण निम्मे लोक मराठी तशीच लिहितात. शोधपट्टीत फक्त फोटो दाखवणारी गाळणी असते, तीही लावा. जे सापडेल त्याला लगेच तारांकित करा. इन्स्टाग्रामवर आपल्या पानावरचा ‘टॅग’ केलेल्या फोटोंचा कप्पा बघा. पानाचं नाव चुकवून लिहिणारे बरेच असतात, म्हणून नाव तीन-चार प्रकारे लिहून शोधा.

मग एक तक्ता करा. गूगल शीट पुरे, वहीसुद्धा चालेल. रकाने असे: क्रमांक, आल्याची तारीख, कोणाकडून आला, फोटो कोणी काढला, कुठे वापरायची परवानगी, कधीपर्यंत, खाली नाव कसं द्यायचं, बदल्यात काही दिलं का, आणि कुठे कुठे वापरला. शेवटचा रकाना लोकांना फालतू वाटतो. तो का ठेवायचा ते शेवटी येईल. फोटोच्या फाइलला तोच क्रमांक द्या, आणि मूळ फाइल व कापून-छाटून केलेली फाइल वेगवेगळ्या फोल्डरांत ठेवा. परवानगीचा स्क्रीनशॉटही त्याच क्रमांकाने. फोन बदलला, बॅकअप राहिला, चॅट गेलं, म्हणजे परवानगीही गेली.

हॅशटॅगबद्दल एक स्पष्ट मत: महिन्याला शे-दोनशे पाकिटं विकणाऱ्याने हॅशटॅगवर फार जीव लावू नये. आपल्याकडचा ग्राहक फोटो पाठवतो तो व्हॉट्सॲपवर, थेट विकणाऱ्याला. हॅशटॅग ठेवायचाच तर एकच ठेवा, आधी शोधून तो दुसऱ्या कुणाचा नाही ना ते बघा, आणि पाकिटावर जसा छापाल तसाच सगळीकडे लिहा. देवनागरी हॅशटॅग चालतो, पण तो टाइप करायचा लोक कंटाळा करतात.

मागायची वेळ

सगळ्यात जास्त फोटो बुडतात ते चुकीच्या दिवशी मागितल्यामुळे. पार्सल पोचलं त्याच संध्याकाळी ‘कसा वाटला मसाला?’ असा मेसेज गेला, तर समोरच्या बाईने पाकीट अजून कात्रीने कापलेलंही नसतं. ती ‘छान आहे’ म्हणते, आणि विषय संपतो. मालवणी मसाला उघडला जातो तो बहुधा बुधवारी, शुक्रवारी किंवा रविवारी. तेव्हा पार्सल पोचल्यानंतरचा पहिला रविवार धरा आणि सकाळी अकराच्या सुमाराला मेसेज टाका, कढई गॅसवर असताना. दुपारी तीनला टाकलात तर रस्सा संपलेला असतो आणि ताई झोपलेल्या असतात.

श्रावणात कोंबडीच्या रश्शाचा फोटो मागणं म्हणजे आपण कुणाला विकतो हेच ठाऊक नसण्यासारखं आहे. त्या महिन्यात उसळ, भरली वांगी, काळ्या वाटाण्याचं सांबार विचारा. मार्गशीर्षातल्या गुरुवारीही तेच. उलट दीप अमावास्येच्या आधीचा रविवार, म्हणजे गटारीचा, हा मालवणी आणि कोल्हापुरी मसाल्याचा वर्षातला सर्वांत मोठा फोटोदिवस. त्या दिवशी मागायचं राहिलं तर पुढे महिनाभर थांबावं लागतं. गोड्या मसाल्याला हा हिशोब नाही, तो रोजच्या आमटीत जातो. त्याचं पाकीट पोचल्यावर चार-पाच दिवसांनी विचारा.

मागताना प्रश्न एकच असावा आणि त्याचं उत्तर देणं सोपं असावं. ‘आपला अनुभव शेअर करा’ याला कुणी उत्तर देत नाही, कारण काय लिहायचं ते कळत नाही. असं लिहा:

‘नमस्कार ताई, मालवणी मसाला पोचला ना? आज कशात घातलात? रस्सा असेल तर वाढायच्या आधी कढईचाच एक फोटो पाठवा, आहे तसा.’

यातले ‘आहे तसा’ हे दोन शब्द काढू नका. ते नसले की बायका आधी ओटा पुसतात, मग चांगलं ताट शोधतात, कोथिंबीर भुरभुरतात, आणि तेवढ्यात मुलं जेवायला बसतात. फोटो राहूनच जातो. उत्तर आलं नाही तर आठवड्याने एकदा आठवण द्या, दुसऱ्यांदा नाही. तुमच्या चाळीस मेसेजांना चार फोटो आले तरी तो वाईट हिशोब नव्हे. मसाला विकायचाय, प्रदर्शन भरवायचं नाही.

फोटो कसा काढावा याच्या सूचना दोनच द्या: कॅमेऱ्याची काच पदराने पुसून घ्या, आणि झाकण काढल्यावर वाफ जाईपर्यंत थोडं थांबा. स्वयंपाकघरातले निम्मे फोटो धुरकट येतात ते या दोन कारणांनी, एक तेलकट बोटांचा डाग आणि दुसरी वाफ. झूम करू नका आणि खिडकीजवळ न्या, हे सांगायचा मोह होईल. टाळा. सूचनांची यादी लांबली की माणूस कंटाळतो. मात्र फोटो फार आवडला आणि छापायचा असेल तर तोच परत ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा. व्हॉट्सॲप साधा फोटो दाबून लहान करतं. लांब बाजू १६०० पिक्सेलच्या आसपास उरते. छपाईला ३०० डीपीआय, म्हणजे इंचाला ३०० ठिपके लागतात; १६०० भागिले ३००, सव्वापाच इंच, जेमतेम साडेतेरा सेंटिमीटर. एवढा फोटो पाकिटाच्या मागच्या बाजूला ठीक दिसेल, स्टॉलवरच्या बोर्डावर फुटेल.

पार्सलमध्ये एक कार्ड घाला, व्हिजिटिंग कार्डाएवढं. एका बाजूला क्यूआर कोड, दुसऱ्या बाजूला हाताने लिहिल्यासारखी एकच ओळ: ‘काय बनवलंत? कढईचा फोटो इथे पाठवा.’ व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये स्वतःची लिंक मिळते आणि तिच्यात आधीच लिहिलेला संदेश भरता येतो. क्यूआर त्या लिंकचा करा, म्हणजे स्कॅन केल्यावर ग्राहकाला फक्त फोटो जोडायचा उरतो. कोड दोन सेंटिमीटरपेक्षा लहान नको, भोवती पांढरी जागा सोडा, आणि चकचकीत लॅमिनेशन टाळा, ट्यूबलाइटची तिरीप पडली की स्कॅन होत नाही. कार्ड मसाल्याच्या पाकिटाला चिकटून ठेवू नका. तेल आणि हळद कागदात उतरते आणि कोडाच्या चौकटी भरून जातात. बाहेरच्या खोक्यात, बिलाबरोबर ठेवा.

परवानगी, म्हणजे अर्धं काम

भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे फोटोचा पहिला मालक हा सहसा तो काढणारा असतो. फोटोत दिसणारा नव्हे, फोटो ज्याच्या फोनवर आला तोही नव्हे. ताईंनी तुम्हाला फोटो पाठवला म्हणजे त्यांनी तो तुम्हाला दाखवला, दिला नाही. इन्स्टाग्रामवर तुम्हाला टॅग केलं म्हणजेही परवानगी झाली नाही. स्टोरीत तुमचा उल्लेख असेल तर इन्स्टाग्राम ती तुमच्या स्टोरीत जोडायचं बटण देतं, ते वापरायला हरकत नाही, कारण तिथे मूळ खातं दिसतं. पण तीच स्टोरी स्क्रीनशॉट काढून वेबसाइटवर किंवा पाकिटावर टाकणं ही वेगळी गोष्ट.

ही चूक फार बारीक असते. ताट हातात धरून ताई हसताहेत असा फोटो आला. ताई ‘हो’ म्हणाल्या. पण फोटो काढलाय त्यांच्या मुलाने. म्हणजे फोटोचा हक्क मुलाकडे आणि चेहरा ताईंचा, दोघांचीही परवानगी हवी. म्हणूनच नुसत्या कढईचा फोटो हा चेहऱ्याच्या फोटोपेक्षा सोयीचा. परवानगीचा मेसेज असा लिहा:

‘ताई, फोटो फार आवडला. तो तुम्हीच काढलाय ना? आमचं इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲप स्टेटस आणि वेबसाइट एवढ्या ठिकाणी दोन वर्षं वापरायची परवानगी द्याल का? खाली नाव आणि गाव घालू की नुसतं गाव? याचे पैसे देत नाही आहोत. पुढे कधीही “काढा” म्हणालात तर काढून टाकू. चालत असेल तर “हो, परवानगी आहे” एवढं लिहून पाठवा.’

अंगठा दाखवला तर तो ‘बघितला’ असाही असतो, म्हणून शब्द लिहून घ्या. कायद्याला परवानगी लेखी लागते. मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षांची धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरती. तुमचा मसाला दुबईला किंवा न्यू जर्सीला जात असेल आणि तिथल्या लोकांसाठी जाहिरात करणार असाल, तर ‘भारतात आणि परदेशात’ हे शब्द मेसेजमध्येच घाला. पाकिटावर, फ्लेक्सवर किंवा पैसे देऊन चालवायच्या जाहिरातीत वापरायचा असेल तर वेगळी परवानगी घ्या, आणि छपाईसाठी शक्यतो कागदावर सहीनिशी. ताईंनी स्टेटससाठी ‘हो’ म्हटलं होतं, त्यांचा फोटो एसटी स्टँडवर लागेल अशी त्यांची कल्पना नव्हती, हे वाद असेच सुरू होतात.

लहान मुलांचे फोटो गोड असतात आणि ते येतातच, कारण वरण-भात खाणारं पोर सगळ्यांनाच दाखवावंसं वाटतं. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा १८ वर्षांखालच्या सगळ्यांना मूल धरतो आणि पालकांची खात्रीशीर संमती मागतो. आमचा सल्ला साधा: मुलाचा चेहरा जाहिरातीत वापरूच नका. हात आणि घास पुरतो.

व्हॉट्सॲपचा मेसेज स्क्रीनशॉट म्हणून वापरायचा तर वरचं नाव, नंबर, डीपी आणि चॅटमधला पत्ता झाका. झाकताना फोनमधल्या हायलाइटरच्या पेनाने रेघ मारू नका, खालचं अंधूक दिसतं आणि उजेड वाढवला की वाचता येतं. भरीव रंगाचा चौकोन ठेवा, नाहीतर सरळ कापून टाका.

फुकट पाकीट दिलं की हिशोब बदलतो

फोटोच्या बदल्यात पुढच्या ऑर्डरवर सूट, किंवा अर्धा किलो मसाला भेट, हे चालतं. लपवणं चालत नाही. जाहिरात मानक परिषदेने, म्हणजे एएससीआयने, २०२१ मध्ये यासाठी नियमावली काढली. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल मार्गदर्शक तत्त्वं आणली. दोन्हींचा गाभा एकच: शिफारस करणारा आणि विकणारा यांच्यात पैशाचं, भेटवस्तूचं, सवलतीचं, नोकरीचं किंवा नात्याचं संबंध असेल, तर तो बघणाऱ्याला दिसला पाहिजे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी प्राधिकरण पहिल्या वेळी १० लाखांपर्यंत आणि नंतर ५० लाखांपर्यंत दंड करू शकतं.

प्रत्यक्षात करायचं एवढंच: पोस्टच्या पहिल्या दोन ओळींत ‘जाहिरात’ किंवा ‘मोफत भेट’ असं लिहायचं, ‘आणखी वाचा’च्या खाली दडवायचं नाही, वीस हॅशटॅगांच्या गर्दीतही नाही. व्हिडिओ १५ सेकंदांचा किंवा त्याहून लहान असेल तर पाटी किमान ३ सेकंद दिसावी. १५ सेकंद ते २ मिनिटं असेल तर एक तृतीयांश वेळ. त्याहून मोठा असेल तर तुमच्या मसाल्याबद्दल बोलणं चालू असेपर्यंत. हे नियम मुळात इन्फ्लुएन्सर लोकांसाठी लिहिलेले आहेत, दोनशे फॉलोअर असलेल्या ताईंना कुणी नोटीस पाठवायला येणार नाही, असं तुम्हाला वाटेल. पण तो फोटो तुमच्या पानावर आला की जाहिरात तुमची होते.

गूगल रिव्ह्यूचं गणित वेगळं. तिथे बदल्यात काहीही देणं गूगलच्या धोरणात बसत नाही, लेबल लावूनही नाही. ‘रिव्ह्यू लिहा, ५० रुपये सूट मिळवा’ हे कार्ड छापलं असेल तर रद्दीत घाला. आधी खासगीत विचारून फक्त खूश ग्राहकांनाच लिंक पाठवणंही बसत नाही. लिंक सगळ्यांना पाठवा. एखादा तीन चांदण्यांचा रिव्ह्यू आला तर येऊ दे, पन्नासच्या पन्नास पाच चांदण्या बघून हल्ली लोक उलट शंका घेतात. स्वतःच्या वेबसाइटवर रिव्ह्यू छापत असाल तर भारतीय मानक ब्यूरोचं आयएस १९०००:२०२२ हे मानक चाळून ठेवा. ते ऐच्छिक आहे, पण रिव्ह्यू कसे गोळा करावेत, कसे तपासावेत आणि कसे प्रसिद्ध करावेत याची चौकट त्यात मिळते.

काय निवडायचं, काय बाजूला ठेवायचं

सर्वांत धोकादायक मेसेज हा सर्वांत कौतुकाचा असतो. ‘तुमच्या मेथीच्या मसाल्याने माझी शुगर उतरली.’ हा पोस्ट करू नका. ग्राहकाने लिहिलं ते तिचं मत होतं, तुम्ही छापलं की तो तुमचा दावा होतो. १९५४ चा औषधे आणि जादुई उपाय कायदा मधुमेहासारख्या ठरावीक आजारांवर गुण येतो अशी जाहिरात करायलाच मनाई करतो. ‘शंभर टक्के ऑरगॅनिक’ लिहिलेलं असेल आणि तुमच्याकडे सेंद्रियाचं प्रमाणपत्र नसेल, तर तेही बाजूला. वजन कमी झालं, गुडघे दुखायचे थांबले, मुलाची भूक वाढली, हे सगळं ‘खूप आभार’ म्हणून चॅटमध्येच राहू द्या.

मग फोटोच्या कडा बघा. मागे दुसऱ्या कंपनीच्या मसाल्याचा डबा, फ्रिजवर चिकटवलेलं मुलाच्या शाळेचं ओळखपत्र, गॅसच्या पावतीवरचा पत्ता, व्हिडिओत मागे टीव्हीवर चाललेलं सिनेमाचं गाणं. पहिल्या तिन्ही गोष्टी कापता येतात. गाण्यासाठी आवाज बंद करून रश्शाचा रटरट आवाज वेगळा मागवा, किंवा नुसताच ठेवा. इन्स्टाग्रामच्या बिझनेस खात्याला फिल्मी गाण्यांचा सगळा साठा उगाच बंद ठेवलेला नाही. घरगुती खात्यावर चाललेलं गाणं तुमच्या जाहिरातीत म्यूट होऊ शकतं.

दुरुस्ती किती करायची? वाकडा फोटो सरळ करा, कापा, अंधार असेल तर उजेड थोडा वाढवा. रंगाला हात लावू नका. लाल रंग चढवायचा मोह मसाल्याच्या धंद्यात सर्वांना होतो, आणि परतीच्या तक्रारीही त्यातूनच येतात: ‘फोटोत तर्री लालभडक होती, माझी तपकिरी झाली.’ खरं तर तर्रीचा रंग तेल, कांदा किती भाजला आणि वाटपात खोबरं किती यावरही ठरतो. वेगवेगळ्या घरांतले तीन वेगळ्या रंगांचे रस्से एकत्र दाखवले तर नव्या ग्राहकाची अपेक्षाही जागेवर राहते.

शब्दांच्या बाबतीत तर हात बांधूनच ठेवा. ‘लय भारी’ला ‘अतिशय उत्कृष्ट’ करणारे महाभाग आहेत. ‘मस्तच झाला गो’ या गो-मध्ये जे आहे ते कुठल्याही कॉपीरायटरला जमणार नाही. चुका राहू द्या. आणि मधूनच कापू नका: ‘तिखट जरा जास्त आहे, पण चव आजीच्या हाताची’ यातला पहिला भाग कापला तर अर्थ बदलतो, शिवाय तिखट आवडणारा गिऱ्हाईक त्या पहिल्या भागावरच पाकीट उचलणार असतो.

कुठे लावायचं

सर्वांत आधी जिथे माणूस घ्यायचं की नाही ठरवतो तिथे. वेबसाइटवर मसाल्याच्या पानावर, किमतीच्या आणि ‘खरेदी करा’ बटणाच्या अगदी जवळ तीन फोटो. व्हॉट्सॲप कॅटलॉगमध्ये पहिलं चित्र पाकिटाचं, दुसरं-तिसरं ग्राहकाच्या कढईचं. स्टेटस चोवीस तासांत जातं, म्हणून तेच फोटो इन्स्टाग्रामच्या हायलाइटमध्ये पदार्थांप्रमाणे लावून ठेवा: मासे, कोंबडी, उसळ, श्रावण. व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीवर टाकणार असाल तर लक्षात असू द्या, ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच तो मेसेज पोचतो.

इन्स्टाग्रामच्या पोस्टसाठी उभा फोटो १०८० बाय १३५० पिक्सेलचा कापा, रीलसाठी १०८० बाय १९२०. रीलमध्ये खालच्या भागावर नाव आणि ओळी येतात आणि उजवीकडे बटणं, तेव्हा कढई मधोमध ठेवा. फोटोखाली नाव लिहिताना तक्त्यातला रकाना बघा. ‘नुसतं गाव’ सांगितलं असेल तर ‘कणकवलीच्या एका ताईंच्या घरचं काळ्या वाटाण्याचं सांबार’ एवढंच. हे नावापेक्षाही वाचणाऱ्याला जवळचं वाटतं. आणि सगळं पान ग्राहकांच्याच फोटोंनी भरू नका. मिरची भाजताना, डंकावर मसाला कुटताना, असं तुमचंही दिसू द्या.

प्रदर्शनातल्या स्टॉलवर एक ए-थ्री बोर्ड लावा, त्यावर पोस्टकार्डाहून किंचित लहान सहा-आठ फोटो आणि प्रत्येकाखाली एक ओळ. आकार असा ठेवला की वर सांगितलेला साडेतेरा सेंटिमीटरचा हिशोब सांभाळला जातो.

कडू शेरा आला तर

ग्राहकाला बोलायला बोलावलंत की तो वाईटही बोलणार. मॅकडॉनल्ड्सने अमेरिकेत जानेवारी २०१२ मध्ये ट्विटरवर ‘मॅकडीस्टोरीज’ हा हॅशटॅग पैसे देऊन पुढे आणला. लोकांनी त्यावर कंपनीच्या तक्रारीच ओतल्या आणि दोन तासांच्या आत तो मागे घ्यावा लागला. दोष असा, की ‘तुमची गोष्ट सांगा’ इतकं मोकळं बोलावणं होतं. ‘कढईत काय शिजलं?’ या प्रश्नाला एवढं वाकडं उत्तर देता येत नाही. मॅगीने भारतातल्या पंचविशीला लोकांकडून आठवणी मागवल्या आणि निवडक लोकांचे फोटो पाकिटांवर छापले. तिथे प्रश्न नेमका होता आणि निवड कंपनीच्या हातात होती.

मसाल्याच्या धंद्यातल्या तक्रारी ठरलेल्या असतात: पावसाळ्यात गाठी, पोरकिडे, फुटलेलं पाकीट, मीठ जास्त. गूगलवर अशी तक्रार आली तर ती तुम्हाला काढता येत नाही, धोरणाचा भंग असेल तरच कळवता येते. एका दिवसाच्या आत उत्तर द्या, तिथेच, सगळ्यांना दिसेल असं:

‘नमस्कार. मसाल्यात गाठी झाल्या हे वाचून वाईट वाटलं. पाकिटामागचा बॅच नंबर आम्हाला कळवाल का? त्या बॅचचं राखून ठेवलेलं पाकीट आम्ही आजच उघडून बघतो. तुम्ही सांगाल तसं, नवीन पाकीट किंवा पैसे परत.’

यासाठी प्रत्येक बॅचचं एक पाकीट खरोखर राखून ठेवावं लागतं, मुदत संपेपर्यंत. ‘तुम्ही डबा ओला वापरला असेल’ हे खरं असलं तरी पहिल्या उत्तरात लिहू नका. एकाच प्रकारची तक्रार तीनदा आली तर फोटो मागणं महिनाभर थांबवा आणि आधी पाकीट बदला. मग बदललेल्या पाकिटाचा फोटो टाका आणि कुणाच्या सांगण्यावरून बदललं तेही लिहा. ग्राहकाच्या मजकुराचा याहून चांगला उपयोग नाही.

स्पर्धा घ्यावी का? पहिल्या वर्षी नको. घेतलीच तर विषय अरुंद ठेवा (‘श्रावणातली उसळ’), तारखा आणि परीक्षक आधी सांगा, आणि बक्षीस निवडीवर द्या, चिठ्ठ्या टाकून देऊ नका, विक्री वाढवण्यासाठीच्या सोडतीला ग्राहक कायद्याची आडकाठी येऊ शकते. फेसबुकवर ‘स्वतःच्या टाइमलाइनवर शेअर करा, मित्रांना टॅग करा आणि भाग घ्या’ अशी अट घालता येत नाही, ते त्यांच्या नियमांविरुद्ध आहे. आणि ‘आलेल्या सर्व फोटोंचे हक्क आमचे’ ही ओळ लिहू नका. हरलेल्या माणसाचा फोटो घ्यायचं तुम्हाला काही कारण नाही.

उपयोग झाला की नाही, आणि काढायची वेळ

लाइक मोजू नका. प्रत्येक जागेसाठी व्हॉट्सॲपची लिंक वेगळ्या आधीच लिहिलेल्या संदेशाची करा: हायलाइटमधून येणाऱ्याचा ‘उसळ बघून आलो’, स्टॉलच्या बोर्डावरून येणाऱ्याचा ‘बोर्डावर वाचलं’. महिनाअखेरीला चॅटमध्ये हे शब्द शोधले की कुठून किती आले ते कळतं, पैसे न घालवता. तीन महिने बघा. एखादा फोटो काहीच आणत नसेल तर उतरवा, एखादा साधासा फोटो सतत माणसं आणत असेल तर त्याच ताईंकडे दुसऱ्या पदार्थाचा फोटो मागा.

दर तीन महिन्यांनी तक्त्यातला ‘कधीपर्यंत’चा रकाना वाचा. मुदत संपत आली असेल तर परत विचारा. कधीतरी मेसेज येईल: ‘तो फोटो काढा हो, घरी आवडत नाही.’ कारण विचारू नका. ‘कुठे कुठे वापरला’ हा रकाना उघडा आणि त्या दिवशीच एकेक ठिकाणाहून उतरवा: पोस्ट, हायलाइट, कॅटलॉग, वेबसाइट, चालू जाहिरात, स्टॉलचा बोर्ड. छापलेली पाकिटं उरली असतील तर किती उरली आणि कधीपर्यंत संपतील ते खरं सांगा, आणि ताई ‘तेवढी चालतील’ म्हणाल्या तर तेही लिहून घ्या. नाही म्हणाल्या तर फोटोवर स्टिकर चिकटवा.